प्रात्यक्षिकाकडून स्पर्धेकडे : बर्लिन १९३६ आणि मल्लखांब

१९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या जिम्नॅस्टिक्सचे सांघिक विजेतेपद जर्मनीने मिळविले. त्याच प्रसंगी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे मल्लखांब, कबड्डी आदी भारतीय प्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. दोहोंतील भेद केवळ कौशल्याचा नव्हता. तो मूल्यमापनाचा होता. जिम्नॅस्टिक्सपटूला प्रत्येक साधनावर एक अनिवार्य व एक ऐच्छिक संच करावा लागे आणि पंच त्यास गुण देत. मल्लखांबास आंतरराष्ट्रीय मान्यतेचे असे निकष नव्हते. १९५८ मध्ये राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत त्याचा प्रवेश झाला, १९८१ मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि पहिली जागतिक स्पर्धा मुंबईत भरण्यास २०१९ साल उजाडले. प्राचीनता कौतुक मिळवून देते. स्पर्धेतील स्थान मात्र नियमबद्धतेनेच मिळते, हे यावरून स्पष्ट होते.