विश्लेषण: पन्नाशीनंतर विसरायला होतेय... वय, रजोनिवृत्ती की थायरॉईड?

गॅसवर दूध ठेवल्याचे विसरणे, रोजच्या शेजारणीचे नाव ओठांवर येऊन अडकणे, बचत गटाचा हिशेब पूर्वीसारखा चटकन न जुळणे. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने घरात हे सांगितले की उत्तर ठरलेले असते, ‘आता वय झाले’. नाहीतर, ‘पाळी गेली ना, मग होणारच!’ ही उत्तरे कधी कधी बरोबरही असतात. पण थायरॉईडची कमतरता ही तिसरी शक्यता तपासल्याशिवाय ती देऊ नयेत. उलट बाजूचा गोंधळही तितकाच मोठा आहे. रिपोर्टवर ‘टीएसएच’ ठळक अक्षरांत छापून आले की विसरण्याचे सगळे खापर थायरॉईडवर फुटते आणि जन्मभराची गोळी सुरू होते.

पळसदरीसारख्या गावात हा प्रश्न आणखी खर्चिक ठरतो. कर्जत-खोपोली रेल्वेमार्गावरचे कर्जतनंतरचे हे पहिलेच स्थानक. रक्त तपासायला सहसा कर्जत किंवा खोपोली गाठावे लागते आणि हार्मोनतज्ज्ञांना दाखवायचे तर अनेकदा कल्याण, पनवेल किंवा मुंबई. एका खेपेत दिवस जातो, रोजंदारी बुडते. त्यामुळे तपासणी कधी करायची आणि गोळी कधी घ्यायची, हे आधी समजलेले बरे.

थायरॉईडचा मेंदूशी संबंध काय?

गळ्यातल्या या ग्रंथीतून टी-४ आणि टी-३ ही संप्रेरके रक्तात येतात. शरीरातली प्रत्येक पेशी किती वेगाने काम करणार, हे बऱ्याच अंशी त्यांवर ठरते. मेंदूच्या पेशीही त्यात आल्या. संप्रेरक फारच कमी झाले तर विचार संथ होतो, लक्ष टिकत नाही, नव्याने ऐकलेले लक्षात राहत नाही, बोलणेही जड होते.

टीएसएच मात्र थायरॉईडमधून येत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी ते सोडते. मजूर मंदावला की मुकादमाचा आवाज चढतो, तसे थायरॉईड मंदावले की टीएसएच वाढते. म्हणून रिपोर्टमध्ये टीएसएच ‘जास्त’ म्हणजे थायरॉईड ‘कमी’. अनेक घरांत हे नेमके उलटे समजले जाते.

हा आजार वैद्यकशास्त्राला पहिल्यांदा नीट दिसला तोही स्त्रियांमध्येच. लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी १८७३ मध्ये अंगाने सुजलेल्या आणि मनाने मंदावलेल्या पाच प्रौढ स्त्रियांचे वर्णन केले. पुढे १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी ४६ वर्षांच्या एका स्त्रीला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. ती पुढे २८ वर्षे जगली. त्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या! आज तेच काम लेव्होथायरॉक्सिनची छोटी गोळी करते. देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतले हे औषध महागही नाही.

रजोनिवृत्तीशी गल्लत का होते?

कारण लक्षणे जवळपास तीच. थकवा, वजन वाढणे, कोरडी त्वचा, केस गळणे, उदास वाटणे. वयही तेच. भारतात रजोनिवृत्ती सरासरी ४६-४७ व्या वर्षी येते. मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ शहरांत ५,३७६ प्रौढांची तपासणी झाली होती. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे ११ टक्के लोकांत थायरॉईडची कमतरता आढळली. स्त्रियांत ती जवळपास १६ टक्के होती, पुरुषांत ५. ४६ ते ५४ या वयोगटात प्रमाण १३ टक्क्यांच्या पुढे होते. हा अभ्यास शहरांतला आहे. त्यातले आकडे कर्जत-खालापूरच्या वाड्यापाड्यांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

थोडा फरक मात्र ओळखता येतो. अचानक अंगातून गरम वाफा येणे, रात्री घामाने जाग येणे हे रजोनिवृत्तीचे. इतरांना उकडत असताना आपल्यालाच थंडी वाजणे, बद्धकोष्ठता, आवाज घोगरा होणे, सकाळी चेहरा सुजलेला असणे हे थायरॉईडकडे बोट दाखवते. हे खात्रीचे निदान नव्हे, पण रक्त तपासून घेण्याइतके कारण नक्कीच आहे.

रजोनिवृत्तीचा विसराळूपणा बहुधा टिकून राहत नाही, हा मुद्दा कमी सांगितला जातो. अमेरिकेतल्या ‘स्वान’ या दीर्घकालीन अभ्यासात २,३६२ स्त्रियांची स्मरणशक्ती आणि विचाराचा वेग वारंवार तपासला गेला. पाळी अनियमित होण्याच्या काळात नवे शिकण्याची गती मंदावली होती. पाळी पूर्ण थांबल्यानंतर ती परत सावरली. त्यामुळे पाळी जाऊन सात-आठ वर्षे झाली आणि विसरणे वाढतच चालले असेल, तर ‘पाळी गेली म्हणून’ हे उत्तर पुरेसे नाही.

टीएसएच वाढले म्हणजे गोळी हवीच का?

नाही. टीएसएच बरेच वाढलेले आणि टी-४ कमी असेल तर उपचार हवेतच. त्यात डोक्यातली मरगळही बहुतेकांची कमी होते. खरा घोळ मधल्या गटाचा आहे. टीएसएच किंचित वाढलेले, म्हणजे साधारण ५ ते १०, पण टी-४ सामान्य. याला ‘सबक्लिनिकल’ म्हणतात. वयानुसार टीएसएच थोडे वाढतेच. प्रयोगशाळा मात्र अनेकदा तिशीतल्या आणि सत्तरीतल्या बाईला एकच मर्यादा लावून आकडा ठळक करते.

युरोपातल्या ‘ट्रस्ट’ चाचणीत अशाच ६५ वर्षांपुढच्या ७३७ जणांना अर्धे-अर्धे वाटून थायरॉईडची गोळी किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. २०१७ मध्ये निकाल आला. थकवा किंवा इतर लक्षणांत फरक नव्हता. म्हणून टीएसएच १० च्या आत असेल तर बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करणे, हाच पहिला उपाय. तो आकडा पुष्कळदा आपोआप खालीही येतो.

गोळी जास्त झाली तर?

हा धोका गावात फारसा कुणी सांगत नाही. ‘थोडी जास्त घेतली तर डोके अधिक चालेल’ असे होत नाही. जास्त डोसने टीएसएच फार खाली जाते, हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि हाडे ठिसूळ होतात. पाळी गेल्यावर हाडे आधीच झिजत असतात, त्यामुळे या वयात ही चूक महागात पडते. मेंदूलाही अतिरेक मानवत नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासात (२००८) टीएसएच कमी आणि जास्त अशा दोन्ही टोकांच्या स्त्रियांत अल्झायमरचा धोका अधिक दिसला, पुरुषांत तसे दिसले नाही. अशा अभ्यासातून दोन गोष्टी सोबत आढळतात एवढेच कळते, एकीमुळे दुसरी घडली हे सिद्ध होत नाही.

मग नेमके काय करायचे?

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात जाण्याआधी टीएसएचचा नमुना कोणत्या दिवशी घेतात, हे आशाताईंकडून विचारून घ्यावे म्हणजे खेप वाया जात नाही. त्याच सुईत बी-१२ आणि साखरही तपासायला सांगावी. बी-१२ कमी असले तरी विसरायला होते आणि शाकाहारी घरांत ते कमी असणे नवे नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या सुरू असतील तर डॉक्टरांना सांगून दोन दिवस आधी थांबवाव्यात, कारण त्यांनी रिपोर्टच चुकू शकतो.

गोळी लागली तर ती पाण्यासोबत उपाशीपोटी घ्यायची आणि अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. पहिल्या लोकलने कामाला निघणाऱ्या बाईला हे जमत नाही. तिने जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना घेतली तरी चालते, डॉक्टरांना तसे सांगावे. सर्वाधिक घोटाळा कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांचा होतो. पाळी गेल्यावर कॅल्शियम अनेकींना दिलेले असते आणि सगळ्या गोळ्या सकाळी एकदम गिळल्या जातात. मग थायरॉईडची गोळी अंगी लागत नाही, टीएसएच वाढलेलेच दिसते आणि डोस विनाकारण चढत जातो. दोन्हींत चार तासांचे अंतर हवे.

कर्जतच्या पावसाळ्यात गोळ्यांची डबी घट्ट बंद, ओल आणि उष्णतेपासून दूर ठेवावी, गॅसशेजारच्या फळीवर नको. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा चाचणी करायची, त्याआधीची खेप फुकट जाते. आणि थायरॉईड, बी-१२ सगळे ठीक येऊनही बाई स्टेशनवरून घरी येण्याचा नेहमीचा रस्ता चुकू लागली असेल, तर थायरॉईडचा आकडा बाजूला ठेवून तिला मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्यावे.