भांग, गांजा, चरस आणि तेल : राळेचा हिशोब

नोव्हेंबर २०२१ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या नायगाव तालुक्यात, मांजरमजवळ, एनसीबीच्या, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाच्या, मुंबई पथकाने एक ट्रक अडवला. त्यात १,१२७ किलो गांजा निघाला. माल विशाखापट्टणमकडून आला होता आणि जळगावकडे चालला होता. त्याच महिन्यात नांदेड शहरात याच खात्याने १११ किलो अफूच्या बोंडांचा चुरा पकडला. एप्रिल २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यात, चाकूर तालुक्यातल्या रोहिणा गावी, महसूल गुप्तचर संचालनालयाला मेफेड्रोनचा कारखाना सापडला. तिथे ११.३६ किलो माल होता.

पारावर या तिन्ही गोष्टी एकाच शब्दात उरकल्या जातात : ड्रग्ज. जरा जुनी माणसं असतील तर तिन्हींना ‘गांजाबिंजा’ म्हणून मोकळी होतात. वास्तविक अफूचं झाड वेगळं. मेफेड्रोन, म्हणजे ‘एमडी’, हे तर कुठल्याच झाडातून येत नाही, ते रसायनांपासून बनतं. ब्राऊन शुगर ही अफूची नात आहे, गांजाची कोणीही नाही. हे तिन्ही बाजूला ठेवून उरतं ते एकच झाड आणि त्याची चार रूपं : भांग, गांजा, चरस आणि तेल. गैरसमज सगळ्यात जास्त आहेत ते याच चौघांबद्दल. शहाणी, शिकलेली माणसंही त्यात चुकतात, म्हणून जरा तपशिलात जाऊ.

या झाडाच्या मादीच्या फुलोऱ्यावर आणि त्याला बिलगलेल्या छोट्या पानांवर अतिशय बारीक ग्रंथी असतात. त्यांत चिकट राळ साठते. नशा आणणारं टीएचसी हे द्रव्य राहतं ते या राळेत. मोठ्या पानांत ते थोडं, खोडात नावापुरतं आणि बियांच्या आत जवळजवळ नाहीच. १९६४ मध्ये इस्राएलच्या राफाएल मेकुलम आणि येहिएल गाओनी यांनी हे द्रव्य शुद्ध रूपात वेगळं काढलं. त्यासाठी त्यांनी पोलिसांनी जप्त केलेलं लेबनॉनचं हशिश वापरलं होतं. म्हणजे झाडाच्या कोणत्या रूपात राळ किती, एवढं कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. पानं म्हणजे भांग. फुलोरा म्हणजे गांजा. राळ झाडापासून सोडवून घेतली की चरस. तीच राळ एखाद्या द्रावकात विरघळवून आणखी घट्ट केली की तेल.

‘चरस म्हणजे गांजाचीच पूड’ असं सर्रास ऐकू येतं. गांजा कितीही बारीक कुटला तरी तो गांजाच राहतो. चरसासाठी राळ वेगळी व्हावी लागते आणि त्याच्या तऱ्हा प्रांतोप्रांती निराळ्या आहेत. हिमाचलातल्या मलाणा भागात जिवंत झाडाचा फुलोरा तळहातांवर चोळतात आणि हाताला बसलेला काळा थर गोळा करतात. मोरोक्को आणि अफगाणिस्तानात झाड वाळवून चाळतात आणि खाली पडलेली पूड दाबून वड्या करतात. त्याला हशिश म्हणतात. अलीकडे बर्फाच्या पाण्यात ग्रंथी झटकून त्या जाळ्यांतून गाळण्याची रीत निघाली आहे. नुसत्या उष्णतेने आणि दाबाने राळ पिळून काढली की तिला रोझिन म्हणतात. या सगळ्या रीतींत एक गोष्ट समान आहे : काम हातांचं किंवा यंत्राचं असतं, रसायन वापरलेलं नसतं.

रसायन येतं ते पुढच्या टप्प्यावर. ब्यूटेन, अल्कोहोल किंवा प्रचंड दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड झाडातून फिरवतात, राळ त्यात उतरते, मग द्रावक उडवून लावतात. मागे जे राहतं त्याला शॅटर, वॅक्स, बडर, लाइव्ह रेझिन, डिस्टिलेट अशी नावं मोबाइलवर फिरतात. लातूरच्या क्लासेसच्या गल्लीत राहणारी मुलं ती नावं पालकांच्या आधी शिकतात. पालकांना वाटतं, हे पाच-सहा नवे अमली पदार्थ आले. तसं नाही. शॅटर काचेसारखं तडकतं, वॅक्स मेणासारखं मऊ राहतं. ही नावं मालाच्या पोताची आहेत. लाइव्ह रेझिन म्हणजे झाड वाळवण्याऐवजी गोठवून काढलेला अर्क. डिस्टिलेट म्हणजे ऊर्ध्वपातन केलेला. मूळ द्रव्य तेच.

ताकद मात्र तीच राहत नाही. अमेरिकेत जप्त मालाच्या तपासणीत १९९५ मध्ये गांजातल्या टीएचसीची सरासरी ४ टक्क्यांच्या आसपास होती, २०२१ पर्यंत ती १५ टक्क्यांच्या आसपास गेली. अर्कांमध्ये हेच प्रमाण ६० ते ८० टक्के, कधी त्याहूनही वर असतं. ‘आमच्या गावचे बुवा जन्मभर चिलीम ओढायचे, त्यांना काही झालं नाही’ हा दाखला आजच्या अर्काला लावता येत नाही तो या आकड्यांमुळे. बुवांना खरोखर काही झालं नव्हतं का, हाही प्रश्नच आहे. त्यांच्या खोकल्याची नोंद कोणी ठेवली? युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ ठिकाणी झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त आला. दहा टक्के किंवा त्याहून अधिक टीएचसी असलेला माल रोज घेणाऱ्यांत चित्तभ्रमाच्या आजाराची शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या तुलनेत जवळपास पाचपट दिसली.

अर्काचा रंग जितका फिकट तितका तो शुद्ध, हाही असाच एक समज. शेतकऱ्याला यातली गोम चटकन कळेल. झाडावर मारलेली अनेक कीटकनाशकं तेलात विरघळणारी असतात. राळेबरोबर तीही अर्कात उतरतात, म्हणजे टीएचसी जसं घट्ट होतं तसं विषही घट्ट होतं. रंग कितीही सोनेरी असला तरी ते दिसत नाही. आणि ब्यूटेनबद्दल तर बोलायलाच नको. आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेनचंच मिश्रण असतं. तो वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचून राहतो आणि फ्रिज चालू होतानाची ठिणगीही त्याला पुरते. कोलोरॅडो आणि कॅलिफोर्नियात घरगुती अर्क काढताना झालेल्या स्फोटांत माणसं भाजली आहेत.

हे सगळं अमेरिकेचं नवं खूळ आहे, असं म्हणून सुटका होत नाही. राळ घट्ट करणं आशियात जुनंच आहे. १८९३-९४ मध्ये इंग्रज सरकारने नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनने १,१९३ साक्षीदार तपासले. तेव्हा नगर जिल्ह्यात गांजा पिकायचा आणि पायांनी तुडवून चपटा केलेला तो माल ‘बॉम्बे गांजा’ म्हणून ओळखला जायचा. चरस मात्र इकडचं नव्हतंच. ते मध्य आशियातल्या यार्कंदहून लेहमार्गे पंजाबात होशियारपूरला उतरायचं. नांदेड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. दख्खनी मुलखात भांग तुपात शिजवून केलेली माजूम नावाची मिठाई चालायची. ही माजूमही एका परीने अर्कच, कारण टीएचसी पाण्यात विरघळत नाही, तुपात विरघळतं. औषधी अर्कही जुने आहेत. कलकत्त्यात १८३९ च्या सुमारास डॉ. ओशॉनेसी यांनी गांजाच्या अल्कोहोलमधल्या अर्कावर प्रयोग केले आणि पुढे तो विलायतेतल्या औषधांच्या यादीत गेला.

तुपाचा विषय निघालाच आहे, तर महाशिवरात्रीबद्दल सांगायला हवं. लातूरच्या सिद्धेश्वर-रत्नेश्वराच्या यात्रेचे दिवस, कुठेतरी थंडाई घोटली जाते, आणि कोणीतरी म्हणतं, ‘भांग काय, पालाच तो, त्याने काही होत नाही.’ पाल्यात राळ कमी, हे खरं. पण ओढलेल्या गांजाचा परिणाम काही मिनिटांत कळतो, प्यायलेल्या भांगेला अर्धा तास ते दोन तास लागतात. पहिल्या पेल्याने काही झालं नाही म्हणून माणूस दुसरा मारतो आणि मग दोन्ही एकदम चढतात. शिवाय पोटातून गेलेल्या टीएचसीचं यकृतात आणखी प्रभावी रूप तयार होतं, आणि ते तासन्‌तास टिकतं. घाबरगुंडी, छातीत धडधड, वेळेचं भान सुटणं, हे भांगेचे नेहमीचे नमुने. अशा वेळी लिंबू-लोणच्याचा मारा करण्यापेक्षा माणसाला शांत जागी बसवणं, एकटं न सोडणं आणि छातीत दुखत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर सरळ दवाखाना गाठणं बरं.

आता कायदा. ‘भांग कायदेशीर आहे’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने गांजाची व्याख्या फुलोरा किंवा फळधारी शेंडे अशी केली. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया त्यातून वगळल्या. म्हणून उत्तर प्रदेशात, राजस्थानात भांगेची सरकारमान्य दुकानं दिसतात. पण पानांचा कारभार राज्यांकडे राहिला आणि महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. त्याखाली परवान्याशिवाय भांग बाळगता येत नाही. वाराणसीहून पाकिटबंद गोळ्या आणून इथे वाटणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

‘एक किलोपर्यंत गांजा चालतो’ हा समज त्याहून महागात पडतो. एक किलो ही गांजाची ‘अल्प मात्रा’ आहे, माफी नव्हे. त्यालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २० किलोच्या वर व्यापारी मात्रा धरली जाते. तिथे शिक्षा १० ते २० वर्षं आणि जामीन फार कठीण. चरसाला हेच आकडे १०० ग्रॅम आणि १ किलो. कायद्यात चरसाच्या व्याख्येतच हशिश तेल धरलेलं आहे. म्हणजे तेलाची नळी बाळगणाऱ्याला गांजाचा सैल हिशोब लागू होत नाही. ‘त्यात शुद्ध माल थोडाच आहे’ हा बचावही सुटत चालला आहे. हिरा सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं, की मिश्रणाचं वजन संपूर्ण धरायचं, त्यातल्या शुद्ध द्रव्याचं नव्हे.

वजनाचा वाद शेतातल्या झाडांबाबत उलट्या बाजूने रंगतो. तुरीत, कापसात, उसात आडोशाला लावलेली झाडं पकडली जातात, तेव्हा ओलं झाड मुळासकट तोललं की आकडा फुगतो. पण व्याख्येत तर फक्त शेंडे आहेत. मग पानं, खोडं वेगळी काढली होती का, यावर जामिनाच्या सुनावणीत खल होतो. एक कलम मात्र शेतकऱ्यांना क्वचितच ठाऊक असतं. ४६ व्या कलमानुसार आपल्या जमिनीत बेकायदा लागवड दिसली तर जमीनधारकाने लगेच कळवायला हवं. जाणूनबुजून गप्प राहणं हा गुन्हा आहे. ४७ वं कलम तीच जबाबदारी सरपंचावर आणि पंचांवरही टाकतं. बटईने दिलेल्या रानात काय उभं आहे हे पाहायला बांधावर जाण्याचं हे आणखी एक कारण.

पाहताना गोंधळ होतो तो अंबाडीचा. तिचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस, कारण तिचं पान या झाडाच्या पानासारखं दिसतं. पण अंबाडी भेंडीच्या आणि कापसाच्या कुळातली. तिचं पान चिरलेलं असलं तरी एकच असतं, बुडाशी जोडलेलं. गांजाच्या पानात प्रत्येक पर्णिका देठापर्यंत सुटी असते. अंबाडीला पिवळट, मधे गडद लाल असं मोठं फूल येतं, गांजाला तसं फूल येतच नाही. ताग तर दिसण्यातही जवळचा नाही. तेव्हा अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी निर्धास्त खावी.

बियांचंही असंच. उत्तराखंडात भांगेच्या बियांची चटणी घरोघरी होते आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये या बियांना, त्यांच्या तेलाला आणि पिठाला अन्न म्हणून मान्यता दिली. हे बियांचं तेल आणि हशिश तेल यांत नावापलीकडे काही साम्य नाही. ऑनलाइन विकलं जाणारं ‘विजया’ अर्काचं औषध हा तिसरा प्रकार : आयुर्वेदाच्या परवान्याखाली पानांपासून बनलेलं आणि वैद्याच्या देखरेखीखाली घ्यायचं. बाटलीवर ‘हेम्प’ लिहिलंय म्हणजे तिन्हींपैकी कोणतंही असू शकतं, म्हणून घटक वाचावेत.

विमानतळांवर पकडला जाणारा ‘हायड्रो’ हाही अर्क नाही. मातीऐवजी पोषकद्रव्यांच्या पाण्यावर वाढवलेल्या झाडाचा तो फुलोरा, म्हणजे गांजाच. बँकॉकहून येतो, महाग असतो, एवढंच.

पालकांचं लक्ष अजून चिलीम, गांजा वळायचा गोगो पेपर आणि वास यांच्यावर असतं. अर्काचं तेल ओढायच्या व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, नळीला तसा वास जेमतेम असतो आणि ती पेनासारखी कंपासपेटीत मावते. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसांच्या आजाराची साथच आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात गेले, ६८ दगावले, आणि बहुतेकांनी टीएचसीची नळी ओढली होती. मुख्य दोषी निघालं ते तेल पातळ करायला घातलेलं व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट. राळ त्यातल्या त्यात ओळखीची होती. तिच्यात काय कालवलंय हे ओढणाऱ्याला माहीत नव्हतं. आपल्याकडे ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे, म्हणजे इथे मिळणारी प्रत्येक नळी कुठल्याही तपासणीशिवाय आलेली असते.

सापडलं तर थेट पोलीस, असं घाबरून पालक मुलाची सवय लपवतात. एनडीपीएसचं ६४-अ कलम इथे उपयोगाचं आहे : व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य संस्थेत उपचाराला गेला आणि ते पूर्ण केले, तर सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण आणि लातूरला विलासराव देशमुख यांच्या नावाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; मनोविकार विभागाची चौकशी तिथे करावी. त्याआधी फोनवर बोलायचं असेल तर नशामुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६.