चाचणी की विनामोबदला काम?

अनुवाद, सबटायटल-लेखन, आशयलेखन या क्षेत्रांत नोकरीसाठी अर्ज केला की मुलाखतीपूर्वी बहुधा ‘चाचणी’ म्हणून काही मजकूर पाठवला जातो. दिवसा नोकरी वा घर सांभाळून आपण तीन रात्री जागून दहा पानांचा अनुवाद करावा, तो वेळेत पाठवावा आणि पुढे साधी पोचही येऊ नये, हा अनुभव आपल्यापैकी काहींना आला असेल. त्यातून येणारा उद्वेग रास्त आहे. मात्र चाचणी कोणती आणि फुकट करून घेतलेले काम कोणते, हे ओळखता आले पाहिजे.

‘उमेदवार’ हा शब्द फारसीतून आला. उमेद म्हणजे आशा. कायम जागा मिळेल या आशेवर विनावेतन वा नाममात्र वेतनावर केलेल्या कामालाही मराठीत ‘उमेदवारी’ म्हणत आले आहेत. त्या उमेदवारीत निदान हाताखाली घेऊन शिकवणारा कोणी असे. ‘वेठ’ हा शब्द मात्र येथे नेमका बसत नाही. वेठीत सक्ती असते आणि संविधानाच्या अनुच्छेद 23 ने तिला मनाई केली आहे. येथे उमेदवार आशेने आपण होऊन राबतो. म्हणूनच दाद मागणे अवघड होते.

मजकूर बारकाईने वाचल्यास तोच बरेच काही सांगतो. खरी चाचणी परीक्षकाने निवडलेली असते: दोन-तीन स्वयंपूर्ण परिच्छेद आणि त्यांत एखादा वाक्प्रचार, एखादा द्व्यर्थी शब्द, मराठीत सरळ न उतरणारी एखादी कर्मणी रचना. तोच मजकूर सर्वांना दिला जातो, कारण त्याशिवाय तुलना होऊ शकत नाही. याउलट मजकुराचा आरंभच ‘ते यंत्र’, ‘वरील पद्धतीने’ अशा शब्दांनी होत असेल, तर त्यांचा संदर्भ आधीच्या पानावर, म्हणजे कदाचित दुसऱ्या उमेदवाराकडे आहे. सबटायटलच्या फाइलमधील पहिल्याच ओळीचा क्रमांक 412 असेल, तरी हीच शंका घ्यावी. (सर्वनामांचा निर्देश आपण केवळ परीक्षेपुरता अभ्यासत नाही!) एवढ्यावरून लबाडी सिद्ध होत नाही, विचारणा करण्यास मात्र तेवढे पुरेसे आहे.

कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 नुसार कृतीचा पहिला हक्कदार सर्वसाधारणपणे तिचा कर्ता असतो. नोकरीच्या कराराखाली केलेल्या कामाला अपवाद आहे, पण उमेदवार अद्याप नोकर झालेला नसतो. कलम 19 नुसार कर्त्याच्या सहीच्या लेखाशिवाय हक्काचे हस्तांतरण ग्राह्य ठरत नाही. म्हणून अर्जासोबतच्या अटी वाचल्याशिवाय सही करू नये. कायद्याने हक्क मिळतो, मोबदला आपोआप मिळत नाही. तो आधी ठरवून घ्यावा लागतो.

मजकूर मोठा असल्यास पुढील आशयाचे पत्र पाठवावे. त्याने एखादी संधी हुकू शकते, हे नाकारता येत नाही. तो निर्णय ज्याने त्याने आपली गरज पाहून घ्यायचा आहे. पत्रात रागाचा सूर नको आणि अजिजीही नको:

‘आपण पाठवलेल्या मजकुरापैकी पहिल्या अडीचशे शब्दांचा अनुवाद चाचणी म्हणून सोबत जोडला आहे. तो केवळ मूल्यमापनासाठी असून माझ्या लेखी संमतीशिवाय अन्यत्र वापरू नये, ही विनंती. उर्वरित मजकुराचा अनुवाद हवा असल्यास प्रतिशब्द दर व मुदत कळवावी.’