स्वस्त गाडी, स्वस्त माल : कात्री कुठे चालवावी?

विजेवर चालणारी मोटार म्हणजे बड्या लोकांची चीज, असे आपल्यापैकी अनेकांना वाटत आले आहे. जानेवारी 2020 मध्ये टाटा मोटर्सची नेक्सॉन ईव्ही आली तेव्हा तिची किंमत सुमारे 14 लाखांपासून सुरू होत होती. सप्टेंबर 2022 मध्ये याच कंपनीने टियागो ईव्ही 8 लाख 49 हजारांत आणली. मध्यंतरी थोडा वाढलेला हा भाव फेब्रुवारी 2024 मध्ये 7 लाख 99 हजारांवर उतरवला. गाडी लहान आहे हे खरे. पण केवळ लहान केल्याने एवढा भाव उतरत नाही. आम्ही कापडाचे व्यापारी, मोटारीचे कारीगर नाही. तरीही ही काटकसर आपल्या धंद्याशी ताडून पाहण्यासारखी आहे.

अशा गाडीत सर्वात महाग असते ती बॅटरी. गाडीच्या एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, एकट्या बॅटरीवर जातो. म्हणून कंपनीने पहिली कात्री तिथेच चालवली. नेक्सॉनची पहिली बॅटरी 30.2 युनिट वीज साठवणारी होती, टियागोत 19.2 आणि 24 युनिटच्या बसवल्या. त्यात कोबाल्ट आणि निकेल हे महागडे धातू न लागणारी, लोह-फॉस्फेटची जात वापरली. दुसरी गोष्ट म्हणजे नवा सांगाडा घडवला नाही. पेट्रोलच्या टियागोचे साचे आणि कारखाना तयारच होता, त्यातच वीजगाडी बसवली. तिसरी गोष्ट घरच्या माणसांची. बॅटरीचा जोड टाटा ऑटोकॉम्पकडून घेतला आणि चार्जिंगची सोय टाटा पॉवरने केली. शेवटी, जगात बॅटरीचे भाव उतरले तेव्हा 2024 मध्ये त्यातला काही फायदा कंपनीने गिऱ्हाइकाला दिला. सरकारचाही हात लागला. ऑगस्ट 2019 पासून अशा गाड्यांवर जीएसटी केवळ 5 टक्के आहे.

याच घराण्याने आधी एकदा स्वस्त गाडी काढून पाहिली होती. जानेवारी 2008 मध्ये एक लाखाची नॅनो दाखवली गेली, तेव्हा सारे जग चकित झाले होते. तिला वायपर एकच, बाहेरचा आरसा एकच, चाकाला नट तीनच आणि मागची डिकी बाहेरून उघडत नसे. हिशेब चोख होता, पण प्रत्येक काटकसर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर होती. गाडी दारात उभी राहिली की मालकाची ऐपत चारचौघांत उघडी पडत असे. ‘सर्वात स्वस्त’ ही ओळखच गाडीला भोवली, हे पुढे रतन टाटा यांनीही मान्य केले. 2018 मध्ये नॅनोचे उत्पादन थांबले. तिच्यासाठी गुजरातेत साणंदला उभारलेल्या कारखान्यातच आज टियागो बनते. नॅनोत डोळ्यांना दिसणारे कापले, टियागोत आतला खर्च कापला, हा दोहोंतला फरक.

अमेरिकेच्या टेस्ला कंपनीचा हल्लीचा दाखलाही पाहावा. ऑक्टोबर 2025 मध्ये तिने अमेरिकेत मॉडेल वायचा स्वस्त प्रकार 39,990 डॉलरला आणला. मागच्या सीटचा पडदा काढला, स्पीकर कमी केले, काचेच्या छताला आतून कापडी अस्तर लावले. काय कमी केले ते गिऱ्हाइकाला आधीच कळले. घ्यायचे की नाही, ही मर्जी त्याची.

इथे आमची स्वतःची चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी ईदच्या हंगामात आम्ही सलवार-कमीजचे कापड मीटरमागे दहा रुपये स्वस्त विकले. भाव उतरला होता, कारण पन्हा कमी होता. ते आम्ही तोंडाने सांगितले नाही. बायाबापड्यांनी नेहमीच्या मापाने कापड नेले, शिंप्याने कात्री लावली आणि बाह्या कमी पडल्या. सण तोंडावर आलेला. दोन-तीन घरांत मुलींचे जोडे शिवलेच गेले नाहीत. कापडाचे पैसे आम्ही परत केले. पण ती घरे पुन्हा दुकानाची पायरी चढली नाहीत. दहा रुपयांची ती बचत आम्हाला फार महाग पडली.

आता गाडी घ्यावी का, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर भावनेने नव्हे, वहीवर द्यावे. सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला आणि पेट्रोलची टियागो सुमारे साडेचार लाखांपासून मिळू लागली. म्हणजे वीजगाडी जवळजवळ साडेतीन लाखांनी महाग. पेट्रोलला किलोमीटरमागे सहा रुपये आणि विजेला दीड रुपया धरला, तर साडेचार रुपये वाचतात. फरक भरून निघायला पाऊण लाखाहून जास्त किलोमीटर गाडी पळाली पाहिजे. वाशीमहून अकोल्याला माल आणायला जाऊन येणे दीडशे किलोमीटरच्या आसपास होते. आठवड्यात तीन-चार फेऱ्या करणाऱ्याला तीन वर्षांत हिशेब जुळेल. महिन्यातून एकदा जाणाऱ्याला जुळणार नाही. कंपनीने लहान बॅटरीसाठी सांगितलेले 250 किलोमीटर प्रत्यक्ष रस्त्यावर मिळत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. नागपूरची फेरी असेल तर वाटेत चार्जिंग करणे आलेच.

काही कंपन्या बॅटरी भाड्याने देतात. गाडीचा भाव लाखांनी कमी दिसतो, मात्र किलोमीटरमागे बॅटरीचे भाडे वेगळे मोजावे लागते. भाव ऐकून हुरळून जाऊ नये, पूर्ण बेरीज करावी.

आपल्यापैकी कोणी रजई भरतो, कोणी चप्पल शिवतो, कोणी कपाट बनवतो. स्वस्त माल काढणे हा गुन्हा नाही. गरीब गिऱ्हाइकाची ती गरजच आहे. कात्री नासाडीवर चालवावी, दलालीवर चालवावी, उगाच पडून राहणाऱ्या मालावर चालवावी. गिऱ्हाइकाच्या कामावर आणि त्याच्या इज्जतीवर चालवू नये. आणि जे कापले असेल ते माल बांधण्यापूर्वी तोंडाने सांगावे. धंद्यातली बरकत त्यातच आहे.