नाकाच्या अस्तराचा कारभार

गालाच्या हाडातील पोकळीत स्राव साचत असेल, तर तो खाली वाहून जावा म्हणून तिच्या तळाशी खिडकी पाडावी, ही कल्पना इतकी सरळ आहे की, न्यूयॉर्कचे कॉल्डवेल यांनी १८९३ मध्ये आणि पॅरिसचे ल्यूक यांनी १८९७ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेली शस्त्रक्रिया पुढे कित्येक दशके प्रचारात राहिली, यात नवल नाही. त्या काळी वरच्या ओठाखालून हाड फोडून आत शिरत आणि रोगट ठरलेले अस्तर समूळ खरवडून काढीत. निसर्गाची तजवीज मात्र निराळी होती. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील मेसरक्लिंगर यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने दाखवून दिले की, वाऱ्याने जोंधळ्याचे शेत लवावे तसे अस्तरावरचे सूक्ष्म रोम सेकंदाला दहा-पंधरा वेळा लवतात आणि श्लेष्म्याची रवानगी वरच्या अंगास असलेल्या मूळ द्वाराकडेच करतात. तळाशी केलेल्या खिडकीला तो चक्क वळसा घालून जातो! १९८५ च्या सुमारास स्टामबर्गर आणि अमेरिकेतील केनेडी यांनी हा विचार सर्वत्र पोहोचविला, तेव्हापासून अस्तर होईल तितके राखावे आणि मूळ द्वार मोकळे करावे, हा शल्यवैद्यांचा दंडक झाला.

द्वार मोकळे झाले, तरी अस्तर बरे होण्यास आपला वेळ घेतेच. पहिले आठ-दहा दिवस रक्त व स्राव सुकून काळपट खपल्या धरतात. त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत खालचे अस्तर इतके सुजते की, रोग उलटला की काय, अशी धास्ती रोग्यास वाटावी. जेथे हाड उघडे पडले असेल तेथे काठावरून नव्या पेशी सरकत येतात. परंतु पेशींचा थर पसरणे आणि त्यांवर रोम फुटून ते एका दिशेने लवू लागणे यांत महिन्यांचे अंतर असते, आणि जेथे अस्तर मुळापासून खरवडले गेले, तेथे नवे रोम बहुधा विरळच राहतात. दोन ओल्या जखमा समोरासमोर आल्या तर परस्परांस चिकटतात व द्वार पुन्हा बुजते. म्हणूनच दुर्बिणीने खपल्या काढून घेण्यासाठी डॉक्टर वारंवार बोलावतात. तो प्रकार सुखाचा नाही, हे खरे. तरी तो टाळणे महागात पडते.

घरी करावयाचे काम साधे आहे. लिटरभर पाणी उकळून गार करावे, त्यात नऊ ग्रॅम मीठ विरघळवावे आणि डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून नाक धुवावे. जलनेतीची सवय असलेल्यांना हे अवघड नाही, मात्र नळाचे कच्चे पाणी वापरू नये. आरंभी नाक जोराने शिंकरू नये, शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवावे. विडी-सिगारेट तर वर्ज्यच, कारण धुराने रोमांची हालचाल मंदावते. शस्त्रक्रियेने सुजेची मूळ प्रवृत्ती जात नाही. तेव्हा श्वास मोकळा वाटू लागला म्हणून स्टेरॉइडचा फवारा आपल्या मनाने बंद करू नका, आणि तिसऱ्या महिन्याची तपासणी चुकवू नका.