आसार महालातील ग्रंथ आणि संगणकाचा पडदा

विजापूरच्या आदिलशाही सुलतानांनी जमविलेल्या ग्रंथांचा एक भाग, १६८६ मध्ये ते राज्य लयास गेल्यावरही, तेथील आसार महालात टिकून होता. त्यात अरबी हस्तलिखितांचे प्रमाण मोठे होते. १८५३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलात हा संग्रह लंडनला नेण्यात आला. ऑटो लोथ यांनी १८७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंडिया ऑफिसच्या अरबी हस्तलिखितांच्या सूचीत त्याची नोंद आहे. आज हे ग्रंथ ब्रिटिश लायब्ररीत आहेत. म्हणजे विजापूरचे ग्रंथ पाहण्यासाठी बेळगावच्या विद्यार्थ्याने लंडन गाठावे, अशी स्थिती आहे. ग्रंथालये व संग्रहालये यांचे संग्रह इंटरनेटवर येण्याचे महत्त्व या एका उदाहरणावरून ध्यानात यावे.

‘संग्रह ऑनलाइन आहे’ या विधानाचे तीन निरनिराळे अर्थ होतात. पहिल्या पायरीवर केवळ सूची उपलब्ध असते. ग्रंथ कोठे व कोणत्या क्रमांकाखाली आहे एवढे कळते. दुसऱ्या पायरीवर पानांची छायाचित्रे पाहता येतात. तिसऱ्या पायरीवर मजकुरातील शब्द शोधता येतो. छापील इंग्रजी ग्रंथ बहुधा तिसऱ्या पायरीवर पोहोचलेले असतात. नस्तालीक उर्दू आणि मोडी कागदपत्रे मात्र बहुतांशी पहिल्या दोन पायऱ्यांवरच थांबलेली दिसतात. मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले तेच २०१४ मध्ये. म्हणून शोधाच्या चौकटीत शब्द लिहून काहीच हाती आले नाही, तर ‘साधने उपलब्ध नाहीत’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. पाने एकेक करून वाचण्यावाचून तेथे गत्यंतर नसते आणि त्यासाठी लिपी येणे आवश्यक असते. संगणक प्रवासाचा खर्च वाचवितो, अभ्यासाचा श्रम नव्हे.

दुसरी अडचण नावांची. जुन्या सूची इंग्रज अधिकाऱ्यांनी किंवा युरोपीय पंडितांनी रोमन लिपीत केल्या. विजापूर, बिजापूर आणि २०१४ नंतरचे विजयपुरा, तसेच बेळगाव आणि बेळगावी ही नावे तेथे वेगवेगळ्या वर्णांनी लिहिलेली सापडतात. व्यक्तिनामांची गत याहून बिकट असते. विद्यार्थ्याने शोध घेण्यापूर्वी एका नावाची चार-पाच रूपे कागदावर लिहून घ्यावीत.

उर्दू-मराठीच्या अध्यापकास उपयुक्त अशी काही साधने येथे नमूद करणे योग्य होईल. राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ २०१५ मध्ये सुरू झाले. उर्दू पुस्तकांचा मोठा संग्रह २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘रेख्ता’वर वाचता येतो. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहात मोल्सवर्थचा मराठी कोश आणि प्लॅट्सचा १८८४ चा उर्दू कोश दोन्ही आहेत. मराठीतील ‘दप्तर’, ‘वसूल’, ‘तारीख’ हे शब्द दोन्ही कोशांत शेजारी-शेजारी पाहण्याचा पाठ कोणत्याही वर्गात घेता येईल.

परंतु या सोयीवर विसंबून राहणे कितपत सुरक्षित आहे, याचाही विचार व्हावयास हवा. भारतातील लक्षावधी जुनी पुस्तके ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पात छायांकित झाली होती. पुढे ते संकेतस्थळ बंद पडले. त्यातील बहुसंख्य पुस्तके आज वाचता येतात ती ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर प्रती ठेवल्या गेल्या म्हणून. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीच्या संगणकयंत्रणेवर हल्ला झाला. मुख्य सूची जानेवारी २०२४ मध्ये मर्यादित स्वरूपात परत आली. हस्तलिखितांच्या प्रतिमा त्यानंतरही दीर्घकाळ दिसत नव्हत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेट अर्काइव्हही काही दिवस बंद होते. आसार महालातील पोथ्यांचे कागद या काळात जागच्या जागी सुरक्षित होते. बंद झाले होते ते दूरच्या वाचकाचे दार.

यावरून काही साध्या सवयी निघतात. कायद्याने मुभा असेल तेथे प्रत उतरवून घ्यावी. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत त्याच्या प्रकाशित पुस्तकाचे स्वामित्व टिकते, हे लक्षात ठेवावे. टिपणात केवळ संकेतस्थळाचा पत्ता न लिहिता संस्था, संग्रह, हस्तलिखित क्रमांक आणि पान यांची नोंद करावी. पत्ता बदलतो, क्रमांक सहसा टिकतो.

याहून महत्त्वाची गोष्ट आपल्या परिसरातील कागदांची. जुनी घरे, दर्गे, मशिदी आणि शाळा यांच्याकडे सनदा, वक्फनामे, हजेरीपत्रके व खासगी पत्रे पडून असतात. मालकाच्या संमतीने त्यांची छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक कागद कोठला, कोणाकडचा, कोणत्या लिपीतला याची नोंद ठेवावी, प्रती दोन-तीन ठिकाणी जपाव्यात आणि मूळ कागद मालकाकडेच राहू द्यावा. आसार महालातील ग्रंथांची सूची लंडनमध्ये झाली. आपल्या गावच्या कागदांची सूची तरी गावातच व्हावी, आणि ते काम महाविद्यालयाच्या आवाक्यातले आहे.