घरांतील उंदीर व त्यांचा बंदोबस्त

पीक उभें असतांना त्याची मोजदाद करण्यास सरकारी माणसें शेतावर येतात. कापणी-प्रयोग होतात, पैसेवारी ठरते, आणि साल बरें कीं वाईट हें कागदावर चढतें. महसूल खात्यांतील कारकुनीच्या नोकरींत प्रस्तुत लेखकानें असे तक्ते वर्षानुवर्षें उतरून काढले. परंतु तेंच पीक मळून, उफणून, पोत्यांत भरून घरांत आल्यावर पुढें त्याचें काय होतें, ह्याचा रकाना कोणत्याहि तक्त्यांत नाहीं. खळ्यावर माप थोडें कमी भरलें तर आपण मापाऱ्याशीं हुज्जत घालतों. घरांत उंदरांनीं त्याच्या चौपट नेलें तरी त्याची दाद कोणी घेत नाहीं.

हिशेब अवघड नाहीं. आढ्यावर वावरणारा एक पूर्ण वाढलेला उंदीर दिवसास सुमारें २० ग्रॅम धान्य खातो. घरांत असे १० उंदीर असल्यास दिवसास २०० ग्रॅम व वर्षाअखेर ७३ किलो, म्हणजे जवळजवळ पाऊण क्विंटल धान्य त्यांच्या पोटांत जातें. पोतें कुरतडल्यानें सांडलेलें, आणि लेंड्या व मूत्र पडून नासलेलें धान्य ह्यांत धरलेलें नाहीं; तें बहुधा खाल्लेल्याहून अधिक भरतें.

आतां उपायांकडे वळूं. उंदीर हा एकच शब्द आपण तीन निरनिराळ्या प्राण्यांना लावतों, आणि पहिला घोटाळा येथेंच होतो. पेट्यांत, फडताळांत व देवघरांत सांपडतो तो लहान घरउंदीर. ह्याचें वजन अवघें १५ ते २० ग्रॅम. कौलांखालीं, वाशांवर व माळ्यावर रात्रीं धावतो तो मोठा काळसर उंदीर. ह्याची शेपटी अंगाहून लांब असते व तो चढण्यांत पटाईत असतो. तिसरी घूस. ही जमीन उकरून, जोत्याखालून किंवा मोरीजवळून आंत शिरते, आणि तिच्या बिळाच्या तोंडाशीं मातीचा ढीग दिसतो. लेंड्यांवरूनहि ओळख पटते. घरउंदराची लेंडी तांदळाच्या कणीएवढी. काळ्या उंदराची त्याच्या दुप्पट-तिप्पट, अर्ध्या इंचापर्यंत. घुशीची त्याहून मोठी. लांब सोंडेची, उग्र वासाची चिचुंद्री ह्या मंडळींतली नव्हेच. तिचा आहार मुख्यतः किडे व झुरळें हा आहे. तिला मारण्याचें कारण नाहीं.

ही ओळख हवी कशाला, असें कोणी म्हणेल. कारण असें कीं ह्या तिघांच्या वाटा वेगळ्या आणि स्वभावहि वेगळे. घरउंदीर चौकस असतो. नवी वस्तु दिसली कीं तो हुंगावयास येतो, म्हणून त्याच्यासाठीं सापळे पहिल्याच रात्रीं लावावे व एकदम पुष्कळ लावावे. तो आपल्या घरट्यापासून फारसा दूरहि जात नाहीं. दहा-पंधरा हातांच्या आंतच त्याचा संसार असतो. स्वयंपाकघरांत उंदीर आणि पिंजरा मात्र ओसरीवर, असें केल्यास पिंजरा रिकामाच राहावयाचा. काळा उंदीर ह्याच्या उलट भित्रा व संशयी. नवी वस्तु तो कित्येक रात्री टाळतो. त्याच्यासाठीं पिंजरा तीन-चार दिवस दार उघडें बांधून, आंत खाणें ठेवून तसाच राहूं द्यावा, आणि तो निर्धास्त येऊं लागला म्हणजे मग कळ लावावी. पिंजरा जमिनीवर न ठेवतां तुळईला किंवा वाशाला बांधावा, कारण त्याची वाट वरून असते.

परंतु मारण्याच्या उपायांवर भिस्त ठेवणाऱ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. घरउंदराची मादी तीन आठवड्यांत विते. एका वेतांत पांच-सहा पिलें होतात, आणि तीं पिलें दीड महिन्यांत स्वतः विण्यास योग्य होतात. घरांतील निम्मे उंदीर मारले आणि धान्य उघडेंच राहिलें, तर उरलेल्यांस खावयास दुप्पट व राहावयास मोकळी जागा मिळते. दोन-तीन महिन्यांत संख्या पूर्ववत् होते. घरांत किती उंदीर राहावे हें आपला सापळा ठरवीत नाहीं, उघडें राहिलेलें धान्य ठरवितें. म्हणून वाट व खाणें बंद करणें हें मुख्य काम, आणि मारणें हें त्यामागून राहिलेलें किरकोळ काम. गणपतीचें वाहन म्हणून कित्येक घरीं उंदीर मारीत नाहींत. त्यांना तर हा मार्ग विशेष सोयीचा आहे. ह्यांत बहुतेक काम कोणाचाहि जीव न घेतां होतें.

वाट शोधण्याची युक्ति आपल्या घरांतल्या बायकांना ठाऊक असते. रात्रीं निजतांना भिंतींच्या कडेनें चुलींतली राख किंवा पीठ पातळ भुरभुरावें. सकाळीं पावलें उमटलेलीं दिसतात. उंदीर मोकळ्या जागेंतून जात नाहीं. भिंतीला मिशा घाशीत एकाच वाटेनें जातो, म्हणून भिंतीच्या कडेला व तुळईच्या खांचांत तेलकट काळा डाग पडतो. भोंक चालू आहे कीं ओस पडलें आहे हें कळण्यास त्यांत कागदाचा बोळा कोंबून ठेवावा. सकाळीं बोळा बाहेर पडलेला असला तर वाट चालू आहे.

भोंक किती लहान असलें म्हणजे भय नाहीं? घरउंदीर शिसपेन्सिलीएवढ्या, म्हणजे सुमारें ६ मिलिमीटर फटींतून आंत शिरतो. डोकें गेलें कीं बाकीचें अंग जातें. मोठ्या उंदरास अर्ध्या-पाऊण इंचाचें भोंक पुरतें. आपण बहुधा चिखलानें किंवा शेणानें भोंक लिंपतों, आणि दुसऱ्या रात्रीं तें पुन्हां उघडें होतें. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, व ते झिजविण्यासाठीं त्याला कुरतडावेंच लागतें. लांकूड, कच्ची वीट, प्लॅस्टिकची नळी, विजेच्या तारेवरचें वेष्टन, हें सर्व त्याच्या दातांना मऊच. भोंकांत प्रथम भांडी घासण्याची तारेची घासणी घट्ट कोंबावी, आणि वरून सिमेंटांत कांचेचा चुरा घालून बुजवावें. मोरीच्या तोंडाला बारीक भोकांची जस्ती जाळी बसवावी. जाळीचें भोंक ६ मिलिमीटरपेक्षां मोठें नसावें. दाराखालीं फट असल्यास फळीच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी मारावी. सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे भिंतीचा माथा व कौलें ह्यांमधील पोकळी. काळा उंदीर येतो तो येथूनच, आणि तेथवर पोंचतो तो बहुधा छपरावर वाकलेल्या आंब्याच्या किंवा शेवग्याच्या फांदीवरून. ती फांदी छपरापासून निदान ६ फूट मागें छाटावी.

दातांवरून आठवलें. जुन्या दप्तरांत कागद चिकटविण्यास पिठाची खळ वापरीत, आणि जेथें खळ तेथें उंदराचे दात. एका कचेरींत जुन्या फेरफाराच्या पानाचा नेमका हिस्सेदारांच्या नांवांचा कोपरा गेलेला प्रस्तुत लेखकानें पाहिला आहे, आणि त्यावरून पुढें भावाभावांत जुंपलेलीहि पाहिली आहे. आतां सातबाराचा उतारा संगणकावर मिळतो हें खरें. परंतु जुनीं खरेदीखतें व वांटणीपत्रें अजून घरोघरीं कापडांत गुंडाळून माळ्यावरच पडलेलीं असतात. तीं पत्र्याच्या पेटींत ठेवावीं.

धान्य साठविण्याच्या जुन्या रीती तोडून बोलण्यासारख्या नाहींत. शेणानें सारवलेली कणगी किडीपासून बरीच राखते. पण उंदरापुढें बांबू व शेण टिकत नाहीं. पत्र्याची झांकणाची कोठी आज सर्वत्र मिळते, व शेतकऱ्याच्या घरांतील ती सर्वांत फायद्याची खरेदी आहे असें आमचें मत आहे. धान्य कडकडीत वाळवूनच तींत भरावें, नाहींतर उंदीर टळेल पण बुरशी येईल. पोतींच ठेवणें भाग असल्यास तीं फळ्यांवर थापीला लावावीं, आणि थापी भिंतीपासून हातभर दूर असावी. मधून माणूस जाऊं शकला म्हणजे लेंडी दिसते व झाडताहि येतें. भिंतीला टेकलेल्या थापीमागें काय चाललें आहे, हें पोतीं उचलीपर्यंत कोणास कळत नाहीं. वेगळें कोठार बांधावयाचें असल्यास तें ३ फूट उंचीच्या खांबांवर घ्यावें व प्रत्येक खांबाला वरच्या टोकाशीं पत्र्याची पसरट टोपी उपडी बसवावी. चढणाऱ्या उंदराला ती ओलांडतां येत नाहीं. अर्थात् कोठाराला शिडी कायमची टेकून ठेवली तर टोप्यांचा खर्च व्यर्थ.

धान्याखेरीज दुसरेंहि खाणें असतें. गुरांच्या गव्हाणींतील पेंड, कोंबड्यांचे दाणे, जात्याभोंवतीं सांडलेलें पीठ, रात्रीं तशींच ठेवलेलीं खरकटीं भांडीं, हें सर्व त्यांत येतें. घरउंदराला पाण्यावांचून पुष्कळ दिवस काढतां येतात. मोठ्या उंदराला मात्र रोज पाणी लागतें, म्हणून मोरींतील पाणी रात्रीं साचूं देऊं नये.

पिंजऱ्यांत व सापळ्यांत ठेवण्यास भाजलेलें खोबरें, शेंगदाणा, भजें किंवा सुका बोंबील चांगला. घरांत ज्वारी विपुल असतांना ज्वारीची भाकरी ठेवण्यांत अर्थ नाहीं. सापळा भिंतीशीं काटकोनांत, आमिषाची बाजू भिंतीकडे करून ठेवावा. पिंजऱ्यांतील उंदीर ओढ्याकाठीं सोडून येण्याची रीत दयेची दिसते खरी, परंतु तो एक तर परत येतो, नाहीं तर शेजाऱ्याकडे जातो. शेजाऱ्याचा पिंजरा मग आपल्या बांधावर उघडतो.

मांजर बाळगावें, पण त्याच्यावर विसंबूं नये. तें सुटे उंदीर धरतें, भिंतींतल्या बिळांत तें जाऊं शकत नाहीं. त्याहून मोठें साह्य शेतांत मिळतें, तें धामणीचें व गव्हाणी घुबडाचें. धामण बिनविषारी असून उंदराच्या बिळांत शिरून त्यास खाते. तिला पाहतांच काठी उगारणें हें आपल्याच धान्यावर काठी मारण्यासारखें आहे. घुबडास अशुभ मानून हुसकणें हेंहि तसेंच.

राहिलें विष. येथें आम्ही स्पष्टच लिहितों. झिंक फॉस्फाइड ही काळसर, लसणासारख्या वासाची पूड शेतांतील बिळांसाठीं वापरतात. पोटांतील आम्लाशीं तिचा संयोग होऊन जहाल वायु निघतो, आणि माणसाच्या पोटांत ती गेल्यास त्यावर उतारा नाहीं. ती घरांत आणूंच नये. मग स्वयंपाकाच्या परातींत पिठाशीं कालविणें दूरच. धान्यांत ठेवण्याच्या ज्या गोळ्या गुपचूप विकल्या जातात त्यांतूनहि तसाच वायु सुटतो, आणि निजलेलीं माणसें त्यानें मेलीं आहेत. राहत्या घरांत त्या वापरणें म्हणजे जिवाशीं खेळ. पिवळ्या फॉस्फरसचें मलम नळींतून मिळतें. तें दांत घासण्याच्या मलमासारखें दिसतें, म्हणून मुलांच्या हातीं लागल्यास अनर्थ होतो. त्याची लबाडी अशी कीं तें पोटांत गेल्यावर माणूस एक-दोन दिवस बरा दिसतो, घरचे लोक निर्धास्त होतात, आणि मग यकृत निकामी होतें. ह्यास्तव कोणतेंहि उंदराचें विष कोणाच्याहि पोटांत गेल्याचा नुसता संशय आला तरी, त्रास होत नाहीं म्हणून थांबूं नये. मीठपाणी पाजून ओकारी काढण्याचे घरगुती उपाय करूं नयेत. विषाची पुडी बरोबर घेऊन तत्काळ मोठ्या दवाखान्यांत जावें.

घरांत विषाखेरीज चालतच नसेल तर ब्रोमॅडिओलोनच्या तयार वड्या त्यांतल्या त्यांत बऱ्या. त्यांनीं उंदराचें रक्त गोठत नाहीं व तो कांहीं दिवसांनीं मरतो. माणसाच्या पोटांत गेल्यास के जीवनसत्त्वाचा उतारा दवाखान्यांत देतां येतो. तरीहि त्या झांकणाच्या, उंदरापुरतेंच भोंक असलेल्या डब्यांत ठेवाव्या. विषानें मेलेला उंदीर भिंतींत सडून महिनाभर घाण येते, आणि तो कुत्र्या-मांजरानें किंवा घुबडानें खाल्ल्यास त्यांनाहि बाधा होते, हा तोटा राहतोच.

हीं सर्व कामें केव्हां करावीं? उभीं पिकें कापलीं गेलीं कीं शेतांतील उंदरांस आसरा राहत नाहीं, व ते वस्तीकडे वळतात. त्याच सुमारास आपल्याकडे पोतींहि येतात. म्हणून दसरा-दिवाळीच्या झाडलोटींतच भोकें बुजवून घ्यावीं. रब्बीचें धान्य येण्यापूर्वीं पुन्हां एकदां फेरी मारावी. बाहेरचीं भोकें आधीं बुजवावीं व आंत राहिलेल्यांसाठीं त्याच रात्रीं सापळे लावावे. एकानेंच घर बंद केलें तर उंदीर शेजारीं जातात. सबंध आळीनें एकाच आठवड्यांत केल्यास त्यांना जागाच उरत नाहीं.

धान्याचें झालें, जिवाचेंहि आहे. मुंबईस १८९६ सालीं प्लेग आला, त्याचें वाहन उंदरावरील पिसू हें संशोधनानें पुढें सिद्ध झालें. तो काळ गेला असें आपण समजत होतों. पण १९९४ सालीं बीड जिल्ह्यांतील मामला गांवीं गांठीच्या प्लेगाचे रोगी आढळले. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या भूकंपानंतर भयानें लोक घराबाहेर राहूं लागले, धान्य ओस घरांत राहिलें, तेथें उंदीर माजले, असें त्याचें कारण त्या वेळीं देण्यांत आलें. लेप्टोस्पायरोसिस तर कोंकणच्या भातशेतींत पावसाळ्यांत आजहि होतो. उंदराचें मूत्र चिखलापाण्यांत मिसळतें व पायाच्या जखमेंतून रोग अंगांत शिरतो. पायास जखम असल्यास ती झांकून, शक्य तर बूट घालून चिखलांत उतरावें, व ताप आल्यास शेतांत काम केल्याचें डॉक्टरांस न विसरतां सांगावें.

घरांतील लेंड्या कोरड्या झाडूं नयेत. धूळ नाकांत जाते. ब्लिचिंग पावडरचें पाणी शिंपडून, थोडा वेळ थांबून ओल्या फडक्यानें पुसाव्या. मेलेला उंदीर उघड्या हातानें उचलूं नये. हातांत प्लॅस्टिकची पिशवी घालून तो उचलावा, खोल पुरावा, आणि हात साबणानें धुवावे. आणि विष घातलें नसतांना घरांत किंवा गांवांत उंदीर आपोआप पटापट मरून पडूं लागले, तर आनंद मानूं नये. मेलेल्या उंदरावरील पिसवा दुसरें शरीर शोधीत असतात. त्याच दिवशीं प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावें.